ग्न्येफ्कोवोचा ड्यूक व्लादिस्लाव

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येणारे राजे बहुधा मोठमोठ्या राज्यांचे असतात. ज्याचें राज्य नकाशावर शोधून काढावें लागतें, आणि तेंहि ज्यानें आपल्याच हातानें विकून टाकलें, अशा राजाची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. पोलंडांतील ग्न्येफ्कोवो या चिमुकल्या संस्थानाचा ड्यूक व्लादिस्लाव हा तसा होता.

इतकीं लहान राज्यें तेथें कां झालीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. इ. स. ११३८ मध्यें पोलंडचा अधिपति तिसरा बोलेस्लाव मरण पावला, तेव्हां त्याच्या इच्छेप्रमाणें राज्य मुलांमध्यें वांटलें गेलें. पुढें मुलांच्या मुलांनींहि वांटण्या केल्या. वडिलोपार्जित शेताचे तुकडे पडत जावे, तसाच हा प्रकार. चौदाव्या शतकांत व्लादिस्लावाच्या वांट्यास कुयाविया प्रांताचा एक कोपरा आला. पोलंडच्या गादीवर त्या वेळीं राजा काझीमिर होता, व तो असे तुकडे पुनः एकत्र जोडीत होता.

१३६० च्या सुमारास ड्यूकची पत्नी एलिझाबेथ वारली. मूलबाळ नव्हतें. थोड्याच वर्षांत त्यानें आपलें संस्थान एक हजार फ्लोरिनांस काझीमिराच्या स्वाधीन केलें व तो यात्रेस निघाला. यरुशलेमचें दर्शन घेऊन तो फ्रान्समध्यें सितो येथील सिस्टर्शियन मठांत शिरला. त्या पंथाच्या शुभ्र वस्त्रावरून त्यास 'श्वेत' हें उपनाम मिळालें, असें मानतात. तेथेंहि तो टिकला नाहीं. दीजॉं शहरांतील संत बेनिन्य याच्या मठांत त्यानें बेनेडिक्टाइन दीक्षा घेतली.

१३७० त काझीमिर औरस पुत्रावांचून मरण पावला, आणि त्याचा भाचा, हंगेरीचा राजा लुई, पोलंडचा राजा झाला. हें कांहीं पोलिश सरदारांस रुचलें नाहीं. जुन्या राजवंशांतील एक पुरुष दूरच्या मठांत बसला आहे, याची त्यांस आठवण झाली. आणि खरें सांगावयाचें तर त्या पुरुषासहि स्वतःची आठवण झाली. व्रतांतून मुक्त करण्याची त्याची विनंति पोप अकरावा ग्रेगरी यानें नाकारली. तरीहि १३७३ त तो पोलंडांत आला व त्यानें अचानक छापे घालून ग्न्येफ्कोवो, इनोव्रोत्स्लाव इत्यादि ठिकाणें घेतलीं. तीं लवकरच गेलीं. १३७५ त त्यानें विस्तुला व द्र्वेंत्सा या नद्यांच्या संगमावरील झ्लोतोर्याचा किल्ला पुनः बळकावला. पुढच्या वर्षीं राजाच्या सैन्यानें किल्ल्यास वेढा दिला. त्या वेढ्यांत राजपक्षाचा ड्यूक काझ्को यास दगडाचा आघात झाला आणि त्यामुळें तो १३७७ च्या जानेवारींत मरण पावला. व्लादिस्लावास मात्र शेवटीं शरण जावें लागलें.

बंडखोराचा शिरच्छेद झाला असता, तर कोणास नवल वाटलें नसतें. परंतु लुईची राणी व्लादिस्लावाची भाची होती. राजानें त्यास दहा हजार फ्लोरिन, म्हणजे मूळ किंमतीच्या दसपट, देऊन त्याचा हक्क सोडवून घेतला. शिवाय हंगेरींतील पान्नोनहाल्मा मठाचें अधिपतिपदहि दिलें. तेंहि सोडून तो दीजॉंस परतला.

१३८२ त लुई वारला. त्याच वर्षीं आव्हिन्यों येथील प्रतिस्पर्धी पोप सातवा क्लेमेंट यानें व्लादिस्लावास व्रतमुक्त केलें. ज्या परवानगीसाठीं त्यानें एवढी धडपड केली, ती अशी हातीं आली तेव्हां बोलावणारे सरदार उरले नव्हते. १३८४ त लुईची कन्या याद्विगा हिला राज्याभिषेक झाला. १३८८ त स्ट्रासबुर्ग येथें व्लादिस्लाव मरण पावला, आणि त्याचा देह दीजॉंस, त्याच मठांत, पुरण्यांत आला.