मशीन बंद पडलं, भांडण चालूच: अमिगावाल्यांकडून पार्टनरशिपचा धडा

व्हिडिओत अमिगा कॉम्प्युटरचं उदाहरण मी घाईघाईत सांगून टाकलं. ते इथे जरा निवांत बघू. तुमचा धंदा मसाल्याचा असो की मोबाईल रिपेअरिंगचा, हे प्रकरण तुमच्या कामाचं आहे.

१९८५ मध्ये कमोडोर कंपनीने अमिगा आणला. रंगीत चित्रं, स्टिरिओ आवाज, एकाच वेळी अनेक कामं. घरच्या मशीनमध्ये तेव्हा हे नवल होतं. ब्रिटन आणि जर्मनीत कितीतरी पोरं त्यावरच वाढली. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोरचं दिवाळं निघालं. मग अमिगाचं नाव १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉमकडे, १९९७ मध्ये अमेरिकेच्या गेटवेकडे आणि पुढे अमिगा इन्क. नावाच्या छोट्या कंपनीकडे गेलं.

चाहते मात्र हटले नाहीत. काहींनी नव्या पॉवरपीसी मशीनवर अमिगाओएस ४ धरलं, काहींनी त्याच धाटणीचं मॉर्फओएस. एकाची खूण लाल-पांढरा चेंडू, दुसऱ्याची निळं फुलपाखरू. म्हणून एक पार्टी 'लाल', दुसरी 'निळी'. झालं, एका गल्लीत दोन गणपती मंडळं!

तुम्ही म्हणाल, हौशी लोकांचं भांडण, त्यात एवढं काय? तर बघा. ही मशीन्स साध्या पीसीपेक्षा बरीच महाग पडायची. एवढे पैसे घातले की माणूस त्या बाजूचा होतो. समोरच्याची सिस्टिम चांगली निघाली तर आपण फसलो असं वाटणार ना! मग 'तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे' हे वाक्य 'तू खोटारडा आहेस' असंच ऐकू येतं. आणि उत्तरही त्याच भाषेत जातं.

मोठ्या बाजारात असले शब्द हवेत विरून जातात. इथे सगळे मिळून मूठभर. एखादा प्रोग्रॅमर नोकरी सांभाळून रात्री जागून, जवळपास फुकट, साउंड कार्डाचा ड्रायव्हर लिहितो. शिव्या खाऊन तो वैतागून गेला, तर ते काम उचलायला दुसरा कुणी नसतो. नुकसान लाल-निळ्या दोघांचंही. गिऱ्हाईक कमी आणि जीव जास्त, अशा प्रत्येक धंद्यात मला हेच दिसतं.

आता कागदाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये अमिगा इन्क., बेल्जियमची हायपेरियन आणि ब्रिटनची आयटेक यांच्यात करार झाला. ओएस ४ हायपेरियनने बनवायचं, आणि २५,००० डॉलर दिले की अमिगा इन्क.ला ते आपल्याकडे घेता येईल, अशी त्यात सोय होती. पैसे पूर्ण पोचले का, वेळेत पोचले का, हाही वादाचा एक मुद्दा झाला. २००७ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं, तडजोड व्हायला सप्टेंबर २००९ उजाडला. तोवर कोर्टाचे कागद वाचून चाहतेच वकील झाले आणि एकमेकांची नियत काढत बसले. मालक कोण हेच ठरलेलं नाही म्हटल्यावर जो तो आपल्याला हवा तो मालक मानून भांडतो.

'आपण मित्रच आहोत, लिहून कशाला घ्यायचं?' हे वाक्य माझ्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी बोलतंच. मला त्याची धास्ती वाटते, खरं सांगतो. अमिगावाल्यांकडे निदान करार तरी होता!

या आठवड्याचा गृहपाठ. पार्टनरला समोर बसवा, चहा मागवा, आणि वहीत चार गोष्टी लिहा. दुकानाचं नाव कुणाच्या नावावर आहे? गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप कुणाच्या नंबरवर चालतो? एकाला बाहेर पडायचं झालं तर किती रक्कम, किती तारखेपर्यंत? आणि 'पैसे मिळाले' म्हणजे नक्की काय: चेक दिला तेव्हा, की खात्यात जमा झाले तेव्हा? दोघांची सही घ्या, खाली तारीख टाका. पुढच्या व्हिडिओत आपण हीच वही घेऊन पार्टनरशिप डीडचा मसुदा करू.