सातारा ते सांगली: मण्यांच्या दागिन्यांचा स्टॉल कितीला पडतो?

हातानं ओवलेले मण्यांचे दागिने घेऊन परगावच्या प्रदर्शनाला जायचं ठरलं की सगळ्याजणी आधी स्टॉलचं भाडं विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: एक हार ओवायला किती तास लागतात आणि त्या तासांचे पैसे किमतीत धरलेत का? बहुतेकजणी मणी, दोरा, गोंडा, फासा यांची बेरीज करतात आणि वर अंदाजानं शंभर रुपये टाकतात. मंगळसूत्र पटवेकराकडे गाठवायला दिलं, तर सोनं आणि मणी आपले असूनही तो गाठवण्याची मजुरी वेगळी घेतो, आणि आपण ती विनातक्रार देतो. मग स्वतःच्या हाताची मजुरी का सोडायची?

हिशोब उदाहरणानं पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे स्वतःचे घाला. समजा, एका हाराला सामान 90 रुपयांचं लागतं आणि अडीच तास जातात. ताशी 80 रुपये धरले तर मजुरी 200, म्हणजे हार घरातच 290 रुपयांना पडला. तो 400 रुपयांना विकला तर प्रवास, भाडं आणि नफा यांसाठी उरतात 110.

आता खर्चाची बाजू. साताऱ्याहून दोघीजणी सांगलीला तीन दिवसांच्या प्रदर्शनाला निघाल्या. स्टॉल 6,000, एस.टी.चं जाण्यायेण्याचं तिकीट दोघींचं मिळून 450, सामानासाठी रिक्षा 400, तीन रात्रींची खोली 3,000, जेवणखाण 2,100, डब्या-पिशव्या आणि किमतीच्या चिठ्ठ्या 800. एकूण 12,750. हाराला 110 रुपये सुटत असतील, तर नुसता हा खर्च निघायला 116 हार विकले पाहिजेत! तोच हार 500 रुपयांना ठेवा. सुटतात 210, आणि 61 हारांत खर्च निघतो. किंमत पाव पटीनं वाढली, पण विकायच्या हारांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. किंमत वाढवायला बायका घाबरतात, त्यांनी ही बेरीज कागदावर मांडून पाहावी.

घासाघीस होणारच. पण 500 वर दहा टक्के सोडले तर ते 50 रुपये तुमच्या 210 मधून जातात, म्हणजे सुटणाऱ्या पैशांतला जवळजवळ चौथा हिस्सा. त्यापेक्षा दोन हार घेणाऱ्या बाईला कानातल्याची एक जोडी द्या. तुमच्या खिशाला ती कमी जड जाते आणि घेणारीलाही आवडते.

प्रवासात वाचवण्यासारखं बरंच आहे. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मं तिकीट आहे, वरचा 450 चा आकडा तेच धरून काढलाय. कराड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) मार्गे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे बस सोयीची. रेल्वेनं जायचं तर साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, रिक्षाचे पैसे आधी धरा. खरी बचत मुक्कामात होते. सांगली-मिरजेत आत्या, मावशी, वर्गमैत्रीण कुणी असेल तर संकोच न करता विचारा. खोलीचे 3,000 वाचले की 500 च्या हिशोबानं 61 ऐवजी 47 हार पुरतात.

भाडं भरण्याआधी आयोजकांना फोनवर नाही, लेखी विचारून घ्या: टेबल-खुर्ची भाड्यात आहे का, दिव्याचा पॉईंट मिळतो का, रात्री माल ठेवायला पहारा असतो का. दिव्याला कमी लेखू नका. काचेचे मणी आणि मोती मंद उजेडात मेल्यासारखे दिसतात, म्हणून स्वतःचा एक छोटा दिवा आणि आरसा न्यावाच. आरशाजवळ बाई थांबली की हार गळ्यात जातो. पैसे घ्यायला यूपीआयचा क्यूआर पुरतो, त्यावर दुकानदाराला शुल्क नाही. पैसे आल्याची घोषणा करणाऱ्या यंत्राचं मात्र सहसा महिन्याचं भाडं असतं.

भाडंच नको असेल तर वेगळी वाट आहे. बचत गटात असाल तर जिल्हा परिषदेत ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडे जिल्ह्यातल्या प्रदर्शनांची चौकशी करा. हस्तकला विकास आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्र काढून ठेवा, सरकारी हस्तकला बाजारांत ते कामाला येतं. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनचा महोत्सवही ग्रामीण उद्योजिकांसाठी भरतो.

कलादालन किंवा दुकान माल विकून कमिशन घेत असेल तर गणित बदलतं. 30 टक्के कमिशन धरलं तर 500 च्या हारामागे हातात 350 येतात. त्यातून 290 वजा केले की उरतात फक्त 60. अशा ठिकाणी किंमत 650 च्या पुढे हवी, आणि स्वतःच्या स्टॉलवरही तीच ठेवा, नाहीतर दालनवाले रागावतील आणि ते रागावणं योग्यच ठरेल. न विकलेला माल कुणी, कधी परत करायचा, फुटला तर भरपाई कोण देणार, हे कागदावर घ्या.

जीएसटीची धास्ती नको. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. बेळगावचं आमंत्रण आलं तर राज्य बदलतं, तेव्हा निघण्याआधी करसल्लागाराला विचारा.

हंगाम दिवाळीपूर्वीचा आणि लग्नसराईचा. संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांची मागणी असते, त्यांच्या शेजारी मण्यांचे हारही खपतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सांगलीचा स्टॉल घेताना दोनदा विचार करा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. तरी जायचंच असेल, तर प्रदर्शन रद्द झाल्यास अनामत परत मिळेल का, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नका.