आईशी मराठीतच बोल

बेळगाव

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल तुझी आई येऊन गेली. महिना झाला, तू फोनवर फक्त इंग्रजीत बोलतेस म्हणे, आणि आजीनं फोन घेतला की दोन शब्दांत ठेवून देतेस. परीक्षा होईपर्यंत मातृभाषा बंद, असं क्लासमध्ये सांगितलंय म्हणाली. खरं आहे का गं हे?

रोज पन्नास शब्द पाठ करतेस, पीजीच्या खोलीत भिंतभर चिठ्ठ्या चिकटवल्यास, हेही कळलं. मेहनतीला मी नाव ठेवणार नाही. पण तपासायला पाठवलेला तुझा पाणीटंचाईवरचा निबंध वाचून मला रागच आला. ‘मेनी पीपल’ खोडून तू ‘अ प्लेथोरा ऑफ डेनिझन्स’ केलंस. प्लेथोरा म्हणजे नको इतकी रेलचेल; टँकरसाठी ताटकळणाऱ्या माणसांना तो शब्द कसा शोभेल? 2024 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या बोअरवेल आटल्या तेव्हा तू तिथंच होतीस. ‘आत्या, मालकीणबाई दारात उभ्या राहून बादल्या मोजतात, केस धुवायचे तर आदल्या दिवशी सांगावं लागतं,’ हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस, मराठीत. त्यातलं एक अक्षर निबंधात नाही. परीक्षकाला हवं असलेलं उदाहरण तुझ्याजवळ होतं, आणि तू चिठ्ठीवरचा शब्द वापरलास.

आयईएलटीएसच्या लेखनात चार गोष्टी पाहतात: प्रश्नाला नीट उत्तर दिलंय का, मांडणी, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारींना सारखंच वजन. म्हणजे शब्दांचा वाटा चौथाईच, आणि त्यातही शब्द जागेवर बसलाय का, कोणता शब्द कोणाच्या जोडीनं येतो हे कळतं का, ते बघतात. चाळीस मिनिटांत अडीचशे शब्दांचा निबंध लिहायचा. तेवढ्यात पाठ केलेलं लगेच उघडं पडतं. सांगणाऱ्यानं तुला हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी आईशी बोलू नकोस म्हणून सांगितलं!

बाबांचं नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड इझी’ तुझ्याजवळ आहे ना? 1949 सालचं पुस्तक, पण ग्रीक-लॅटिन धातूंवरून शब्दांची कुटुंबं कशी लावलीत बघ. घाई न करता एकेक धडा घे. सकाळी ‘डेक्कन हेरल्ड’चा एक अग्रलेख वाच, त्यातले तीन-चार शब्द अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरव आणि त्याच शब्दांनी आपल्या गल्लीबद्दल, मेसबद्दल, ऑफिसबद्दल लिही. रविवारी चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जा. तिथं एखादी कादंबरी उभ्या उभ्या चाळलीस तरी चालेल.

मी मराठी शाळेतून कॉलेजात गेले तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या मुलींसमोर माझी वाचाच बसली होती. वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. पुढं धारवाडला एम.ए. करायचं फार मनात होतं, पण अण्णांचं आजारपण आलं आणि ते राहिलंच. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, तरी धारवाडचं नाव निघालं की अजून आत काहीतरी हलतं. म्हणून तू बाहेर शिकायला जाणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी, अशी तू तिन्ही भाषांत वाढलीस. एकीसाठी दुसरीला गप्प बसवायची वेळ तुझ्यावर कधीच आली नव्हती. मग आताच का?

जास्त बोलले असेन तर मनावर घेऊ नकोस. तुला कसली भीती वाटतेय ते मला कळतं. फी भरलीय, बाबांनी कर्जाची चौकशी सुरू केलीय, आणि बँड कमी आला तर काय, हा घोर तुला झोपू देत नसणार. कमी आला तर पुन्हा देता येते परीक्षा. घरात कुणीही तुला एक शब्द बोलणार नाही, मी बोलू देणार नाही. निबंध पाठवत राहा, रात्री कितीही वाजता पाठव, मी तपासून ठेवीन.

आजीला कमी ऐकू येतं, त्यात तू इंग्रजी बोललीस की आपलंच काही चुकलं असं तिला वाटतं. तिच्याशी आज बोल. काय जेवलीस ते सांग, बाकी काही नको तिला. पुढच्या आठवड्यात शेजारचा मुलगा राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं तिकडं येतोय, त्याच्याबरोबर कुंदा आणि मेतकूट पाठवते. रात्री जागू नकोस गं.

तुझी,
आत्या