आघाडीतील उणीव

झाशीचे ध्यानचंद हॉकीतील अद्वितीय सेंटर फॉरवर्ड होते. परंतु एकट्या सेंटर फॉरवर्डच्या बळावर आघाडी उभी राहत नाही. प्रतिपक्षाने त्याला घेरले, की चेंडू स्वीकारण्यास त्याच्या दोन्ही बाजूंना तोलामोलाचे गडी लागतात. १९३६ साली ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ बर्लिन ऑलिंपिकसाठी गेला, तेव्हा डावीकडे त्यांचे बंधू रूपसिंग होते. उजवी बाजू मात्र दुबळी होती. १७ जुलैच्या सराव सामन्यात जर्मनीने भारतास ४-१ असे नमविले आणि ही उणीव उघडी पडली. तेव्हा तार करून अली इक्तिदार शाह दारा यांना मायदेशाहून बोलावून घेण्यात आले. प्राथमिक सामने त्यांच्याविनाच जिंकले गेले. उपान्त्य सामन्यास मात्र ते वेळेवर पोहोचले. भारताने फ्रान्सला १०-० असे हरविले आणि १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीवर ८-१ असा विजय मिळविला. दारांच्या निवडीचे मर्म केवळ त्यांच्या नैपुण्यात नव्हते. संघात नेमके काय उणे आहे, हे पराभवातून ओळखून त्या जागेस साजेसा खेळाडू आणला गेला. ध्यानचंदांसारख्या श्रेष्ठ खेळाडूसही जोडीदाराची गरज होती.