घर भाड्याचं, संसार आपला

२५ जुलै २०२४ ला पुण्याच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं आणि तळमजल्यांवरचे संसार भिजले. अशा वेळी सोसायटीचा किंवा घरमालकाचा विमा असला, तरी तो भिंतींचा. भाडेकरूचा फ्रीज आणि गाद्या त्यात येत नाहीत.

भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. अर्ज भरताना ‘इमारत नको, फक्त घरातलं सामान’ असं स्पष्ट सांगा.

त्याआधी एक रविवार यादीला द्या. कपाटं, माळा, स्वयंपाकघराचे कप्पे उघडून मोबाइलवर चित्रण करा. टीव्ही, वॉशिंग मशीन, लॅपटॉप यांचे सिरियल नंबर टिपा, बिलांचे फोटो स्वतःलाच ईमेल करा. घरातली फाइलही पाण्यात जाते. वस्तूपुढे आज ती नव्याने घ्यायला लागेल ती किंमत लिहा. भांडी आणि कपडे लोक हमखास विसरतात. बेरीज केल्यावर आकडा बघून दचकायला होतं.

आग, पूर, वादळ, भूकंप या पॉलिसीत येतात. चोरीचं मात्र नीट वाचा. अशा आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच मूळ पॉलिसीत धरतात. एरवीच्या घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. दागिन्यांचंही तसंच. रूम पार्टनरचं सामान तुमच्या पॉलिसीत येईल असं गृहीत धरू नका.

आपले भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचे, पॉलिसी वर्षाची. घर बदललं की कंपनीला कळवून पॉलिसीवरचा पत्ता बदलून घ्या आणि तसं लेखी मिळवा. ही गोष्ट राहून जाते आणि नेमकी तीच नडते.

नुकसान झालंच, तर आधी वीज बंद करा आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा. गल्लीतले सगळे भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकत असतात, वासही सुटलेला असतो. तरी सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत थांबा. आरोग्यासाठी टाकणं भागच असेल, तर कंपनीला विचारा आणि आधी प्रत्येक वस्तूचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा. चोरी असेल तर पोलिसांत एफआयआर नोंदवा.

दावा नाकारला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.