हाकेला ओ

तान्हे मूल बोलू शकत नाही. भूक लागली किंवा भीती वाटली की ते रडते. अम्मी धावत येते, त्याला उचलून घेते, थोपटते. बाळ शांत होते. असे रोज अनेकदा घडते आणि बाळ मनाशी शिकते, 'माझ्या हाकेला कोणीतरी ओ देते.'

पण ज्या बाळाच्या हाकेला कोणीच ओ देत नाही, त्याचे पुढे काय होते?

युरोपात रुमानिया नावाचा देश आहे. १९८९ साली तेथील हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळली. तेव्हा जगाला कळले, की तेथील सरकारी बालगृहांत एक लाखाहून अधिक मुले आहेत. पुष्कळांचे आईवडील हयात होते. पण गरिबीमुळे त्यांनी मुले तेथे ठेवली होती. एकेका दाईकडे अनेक मुले असत. रडणाऱ्या बाळाला जवळ घ्यायला तिला सवड नसे. काही मुले तर रडायचेच विसरली होती.

पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन शास्त्रज्ञांनी राजधानी बुखारेस्ट येथे १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून त्यांतील ६८ मुले प्रतिपालक कुटुंबांत पाठवली. इतक्या मुलांनाच घरे मिळू शकली. बाकीची बालगृहांत राहिली. मात्र त्यांना पुढे घर मिळाल्यास आडकाठी नव्हती.

ही मुले सोळा वर्षांची झाली, तेव्हा फरक स्पष्ट दिसला. कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये राग, भांडखोरपणा आणि मनाचे इतर त्रास कमी होते. ज्यांना दोन वर्षांच्या आत घर मिळाले, त्यांचा नव्या आईवर लवकर जीव जडला होता. सगळ्या जखमा भरल्या नाहीत, पण पुष्कळ भरल्या.

मुलांनो, या मुलांना सावरणाऱ्या स्त्रिया त्यांच्या जन्मदात्या नव्हत्या. माया देणारे माणूस नानी, दादी, अब्बा किंवा मोठी आपाही असू शकते. रोज तेच माणूस जवळ असावे, एवढे मात्र खरे. तुमच्या घरी तान्हे बाळ असेल, तर ते रडताच त्याच्याजवळ जा. आणि तुमचे स्वतःचे मन जड झाले, तर तुम्हीही हाक मारा. हाक मारायला वयाची अट नसते.

शब्दार्थ : ओ देणे – हाकेला उत्तर देणे. आडकाठी – अडथळा. प्रतिपालक कुटुंब – दुसऱ्याचे मूल सांभाळणारे कुटुंब.

स्वाध्याय : १. बालगृहातील मुले रडायचे का विसरली असतील? २. तुमच्या हाकेला ओ देणाऱ्या व्यक्तीविषयी पाच वाक्ये लिहा.