दोन ग्राफिक्स कार्डे : एक तुलनात्मक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

पूर्ण स्पर्धेच्या बाजारात ग्राहकाला वस्तूची संपूर्ण माहिती असते, असे गृहीत धरून अर्थशास्त्राचे पुस्तक पुढे जाते. संगणकाच्या बाजारात हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात २०१६ साली विक्रीस आलेल्या दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना केली आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या यंत्राच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु आज व्हिडिओ जोडणारा, फोटोवर काम करणारा किंवा नुसता खेळ खेळणारा तरुणही या वस्तूचा ग्राहक आहे. आणि ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला, त्याला विचारायला घरी कोणी नसते. खोक्यावरचे आकडे हाच त्याचा गुरू. तो गुरू कितपत खरे बोलतो, हे तपासून घेतलेले बरे.

प्रथम हे कार्ड करते काय, ते पाहू. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. चित्र सुरळीत हलावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. हिशेब केला तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपक्यांचा रंग ठरवायचा असतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण त्याला हात मोजके. ग्राफिक्स कार्डात याउलट शेकडो-हजारो लहान गणकयंत्रे, ज्यांना ‘कोअर’ म्हणतात, ती एकाच वेळी सारखेच काम करतात. ऊसतोडणीची टोळी सऱ्या वाटून घेऊन फडात एकदम उतरते, तसाच हा प्रकार.

आता दोन कार्डांकडे वळू. एएमडी कंपनीचे रेडिऑन आरएक्स ४८० हे २९ जून २०१६ रोजी बाजारात आले, तर एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० त्याच वर्षी जुलै महिन्यात. पहिल्याच्या रचनेचे नाव ‘पोलारिस’, म्हणजे आपला ध्रुवतारा. दुसऱ्याच्या रचनेचे नाव ‘पास्कल’. (तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटणारा हा फ्रेंच विचारवंत इथे पंख्याखाली भेटेल असे वाटले नव्हते!) अमेरिकेत १०६० च्या ६ जीबी कार्डाची किंमत २४९ डॉलरपासून पुढे ठेवली होती, तर ४८० च्या ८ जीबी मेमरीच्या कार्डाची त्याहून थोडी कमी.

कागदावर पाहिले तर ४८० चे पारडे सरळ जड दिसते. त्यात २३०४ कोअर, तर १०६० मध्ये १२८०. मेमरीतून सेकंदाला माहिती आणण्याची क्षमता ४८० ची २५६ जीबी, १०६० ची १९२ जीबी. एका सेकंदात होऊ शकणारी आकडेमोड ४८० ची सुमारे ५.८ लाख कोटी, १०६० ची सुमारे ४.४ लाख कोटी. म्हणजे किंमत कमी आणि ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त! असे असूनही त्या वेळच्या चाचण्यांत डायरेक्ट-एक्स ११ या पद्धतीने लिहिलेल्या बहुतेक खेळांत १०६० थोडे पुढेच राहिले.

हे कोडे उकलण्यासाठी पुन्हा टोळीकडे यावे लागेल. एक तर १०६० मधील कोअर अधिक वेगाने चालतात. त्यांची घोषित कमाल गती १७०८ मेगाहर्ट्झ, तर ४८० ची १२६६. पण हा फरक वरच्या आकडेमोडीत धरलेलाच आहे. खरे कारण मुकादमात आहे. खेळ आणि कार्ड यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची एक आज्ञावली बसलेली असते. कामाचे वाटप ती करते. डायरेक्ट-एक्स ११ मध्ये वाटपाचा मोठा भार तिच्यावर असे, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर या कामात अधिक तरबेज होता. एएमडीकडे माणसे जास्त, पण त्यांतली बरीच कोयता घेऊन बांधावर उभी! पुढे डायरेक्ट-एक्स १२ आणि व्हल्कन या नव्या पद्धती आल्या. त्यांत वाटपाचे बरेचसे काम खेळ लिहिणाऱ्याकडेच येते. ‘डूम’ या खेळाला जुलै २०१६ मध्ये व्हल्कनची जोड मिळाली, तेव्हा तेच ४८० त्या खेळात १०६० च्या पुढे गेले. कार्ड तेच होते. तेव्हा दोन वेगळ्या घराण्यांतील कोअरची संख्या शेजारी मांडून निकाल देणे व्यर्थ आहे.

विजेच्या बाबतीत मात्र १०६० निर्विवाद सरस. त्याची गरज १२० वॅट, ४८० ची १५०. रोज चार तासांच्या वापरात वर्षाला सुमारे ४४ युनिटांचा फरक. शिवाय सुरुवातीला ४८० हे मदरबोर्डाच्या खाचेतून ठरलेल्या ७५ वॅटपेक्षा जास्त वीज ओढते, असे चाचण्यांत आढळले. कंपनीने जुलैमध्येच नवा ड्रायव्हर देऊन ते आवरले.

इथवरचा घोळ निदान प्रामाणिक म्हणता येईल. पुढचा तसा नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये एनव्हिडियाने १९९ डॉलरला दुसरे जीटीएक्स १०६० आणले, ३ जीबीचे. नाव तेच, म्हणून फरक फक्त मेमरीचा, असे कोणीही समजेल. प्रत्यक्षात त्यात कोअरच ११५२ होते. दहा गटांपैकी एक गट बंद केलेला. अशा वस्तूला वेगळे नाव देणे अवघड नव्हते. एएमडीनेही पुढे २०१८ मध्ये आरएक्स ५८० या नावाखाली २३०४ ऐवजी २०४८ कोअरचे कार्ड चीनमध्ये विकले, म्हणजे या दोघांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही.

त्या ३ जीबीचा त्रास सरासरीत दिसत नाही, हे आणखी वाईट. मेमरी भरली की उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते, आणि ती वाट सेकंदाला फार तर १६ जीबीची, म्हणजे स्वतःच्या मेमरीच्या बाराव्या हिश्श्याची. समजा, एका सेकंदात ५० चित्रे प्रत्येकी शंभरांश सेकंदात निघाली आणि एक्कावन्नावे अर्धा सेकंद अडले. सरासरी ५१ भरते, ती ऐकायला छानच. पण अर्धा सेकंद पडदा गोठलेला असतो. म्हणून चाचणी वाचताना सरासरीच्या शेजारी सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा आकडा दिला असेल, तर तो आधी पाहावा.

ही दोन्ही कार्डे आज जुनी झाली असून मिळाली तर वापरलेलीच मिळतात. काहींनी २०१७ च्या सुमारास आभासी चलनाच्या खाणकामात रात्रंदिवस राबून घेतलेले असते, तेव्हा पंखे फिरवून पाहावेत. विकणारा ‘१०६० आहे’ एवढेच सांगत असेल, तर कार्ड संगणकाला लावून जीपीयू-झेड ही फुकट मिळणारी आज्ञावली उघडावी. तीत कोअरची संख्या दिसते. १२८० असेल तर पूर्ण कार्ड. ११५२ असेल तर भाव त्याप्रमाणे उतरवून मागावा.